सांगलीत बिलियर्ड्स-स्नूकरचा जुना क्यू (खेळायची काठी) मिळतोय: बिल्ल्यावर १४७ आहे, मालक म्हणतात संस्थानकाळातला. खरा कसा ओळखायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गावभागातल्या एका वाड्याचं जुनं सामान विकायला निघालंय, त्यात दोन क्यू आहेत. पैसे अजून दिलेले नाहीत, रविवारी काय ते सांगायचंय.

पहिला एकसंध आहे, मध्ये कुठे पेच नाही. लांबी ५६¾ इंच. शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, फिकट लाकडाचा, त्यावर बाणाच्या टोकांसारख्या रेषा. बट, म्हणजे मुठीकडचा जाड भाग, काळा, आणि त्या काळ्या लाकडाची चार टोकं फिकट लाकडात वर चढलेली. बटच्या एका बाजूला सपाट तासून पिवळट पांढरी पट्टी, म्हणजेच बिल्ला, बसवली आहे. तिच्यावर स्नूकरपटू जो डेव्हिसचं नाव आणि खाली १४७ हा आकडा. बुडाजवळ १७ असा ठसा. मालकांचं म्हणणं, "संस्थानकाळातला आहे, १९३० च्या सुमाराला विलायतेहून आणलेला, आणि पट्टी हस्तिदंताची."

दुसरा दोन तुकड्यांचा, जाड. मुठीला दोरा गुंडाळलाय, बुडाला रबर आहे, वर ब्रन्सविक अशी अक्षरं. हाही त्याच काळातला अमेरिकन पूल क्यू म्हणतात.

दोन्हींचं पॉलिश काळवंडलंय. घासून नवं पॉलिश केल्यावर लाकूड नीट दिसेल का? आणि क्यूला धक्का न लावता खरंखोटं कसं तपासायचं?

हिरवं_कापड

पॉलिश पेपर हातातून खाली ठेवा, पहिलं ते. काळवंडलेलं पॉलिश, छिद्रांत बसलेला खडू, हाताच्या घामाचा डाग हाच क्यूचा दाखला असतो. एकदा घासला की खरा क्यूसुद्धा सिद्ध करता येत नाही.

आता १४७. जो डेव्हिसनं स्नूकरमधला १४७ चा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) केला २२ जानेवारी १९५५ ला, लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये. त्यामुळे तो आकडा असलेली पट्टी त्याआधी बनूच शकत नाही, आणि सांगली संस्थान तर १९४८ सालीच विलीन झालेलं. म्हणजे दोनच शक्यता: एक तर क्यू १९५५ नंतरचा, नाहीतर पट्टी नंतर बसवलेली. विक्रमाचे आकडे असलेले बिल्ले असेच वाचायचे. वॉल्टर लिंड्रमचा ४१३७ हा बिलियर्ड्सचा ब्रेक १९३२ चा, जो डेव्हिसला ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला १९६३ साली. आकडा किंवा किताब तुम्हाला "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो. असे बिल्ले पुढं वर्षानुवर्षं बनत राहिले, म्हणून १४७ म्हणजे क्यू १९५५ चा, असंही समजू नका.

म्हणून पट्टी शेवटी बघा. सुरुवात बुडापासून.

क्यू उलटा धरा आणि बूड उजेडात बघा. हातानं जोडलेल्या क्यूत फिकट शाफ्ट थेट बुडापर्यंत आलेला असतो. त्याच्या चार बाजू उतरत्या सपाट तासतात, समोरासमोरच्या दोन बाजूंना काळ्या लाकडाच्या फळ्या सरसानं चिकटवतात, त्या वाळल्या की उरलेल्या दोन बाजूंना, आणि मग सगळं रंध्यानं गोल करतात. त्यामुळे बुडाशी मध्ये फिकट चौकोन आणि चहूबाजूंनी काळं लाकूड दिसतं. शिशाचं वजन भरून डाट मारलेली असेल तर चौकोनाचा मधला भाग झाकला जातो, पण कोपरे राहतात.

मशीनवर जोडलेल्या क्यूत काळं लाकूड बुडाला सलग भरीव असतं. तिथे दोन्ही लाकडांत व्ही आकाराचे खाचे पाडून पाचरी एकमेकांत घुसवतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तसंच.

टोकांवरूनही हेच कळतं. मशीनच्या जोडाची टोकं सुईसारखी अणकुचीदार आणि अगदी समान उंचीची. हातच्या जोडाची टोकं वर गोलसर, जिभेच्या टोकासारखी, कारण सपाट जोड निमुळत्या गोल दांड्याला तिरका कापत जातो. उंचीत थोडा फरकही चालतो. मात्र मशीनचा जोड म्हणजे हलका माल, असं अजिबात नाही. कितीतरी उत्तम जुने क्यू मशीनच्या जोडाचे आहेत. जोडाच्या प्रकारावरून बनवायची पद्धत कळते, कस कळत नाही.

तिसराही प्रकार असतो: टोकं रंगवलेली किंवा छापील. दहा पटीचं भिंग लावून टोकाच्या कडेवर बघा. खरा जोड असेल तर फिकट लाकडाच्या रेषा कडेशी तुटतात, काळ्याच्या वेगळ्या सुरू होतात. रंग असेल तर फिकट लाकडाची छिद्रं काळ्याखालून सरळ पुढे जातात. नखही फिरवा. दोन लाकडं वेगवेगळी आकसतात, त्यामुळे जुन्या खऱ्या जोडावर नखाला अगदी बारीक उंचवटा लागतोच.

या मापांसकट फोटो टाका: टिपचा (चेंडूला लागणाऱ्या टोकाचा) व्यास, बुडाचा व्यास, ग्रॅममध्ये वजन. लांबी आहेच.

सरस_मिरज

लाकडाबद्दल थोडं.

बाणासारख्या रेषा म्हणताय तर शाफ्ट ॲशचा असावा. मेपल असता तर अंग गुळगुळीत, रेषा जवळजवळ नाहीत, फक्त बारीक तपकिरी ठिपके दिसले असते. पण आपल्याकडे एक फसगत होते. सागाच्या वाढीच्या वलयांतही अशीच मोठी छिद्रं असतात, म्हणून स्थानिक कारागिरानं सागवानात उतरवलेला दांडा वरवर ॲशसारखा दिसतो. साग सोनेरी तपकिरी असतो, आतून किंचित तेलकट लागतो, आणि टिपच्या बाजूची उघडी कड घासली की त्याचा ठरावीक वास येतो. ॲश फिकट मलईच्या रंगाचा, त्याला असा वास नाही.

शाफ्टवर तिरका उजेड टाकून क्यू हळूहळू फिरवा. लांबीच्या दिशेनं पुसट पैलू दिसले तर रंधा हातानं मारलेला. आडव्या कड्या कड्या दिसल्या तर लेथवर उतरवलाय.

काळं लाकूड आबनूस की काळा रंग दिलेलं दुसरंच काही? कानात घालायच्या कापसाच्या काडीवर स्पिरिट घ्या, दोन थेंब पुरे. बुडाच्या कडेला, जिथे पॉलिश उडालंय अशा जागी टेकवा. कापूस काळाकुट्ट झाला तर बहुधा रंग. आबनूस आतपर्यंत काळाच असतो. आपल्या टेंभुर्णीचा गाभाही त्याच कुळातला, पण त्यात बऱ्याचदा तपकिरी पट्टे निघतात.

तीच काडी पॉलिश असलेल्या ठिकाणी, जिथे दिसणार नाही अशा बारीक जागेवर दहा सेकंद धरा. चिकट झालं, कापसाला पिवळट तपकिरी आलं, तर ते चपड्याचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर वरचा थर आधुनिक. यापेक्षा सोपं म्हणजे नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च. अंधाऱ्या खोलीत चपड्याचं पॉलिश नारिंगी झळकतं. सगळा बट नारिंगी आणि मध्येच एखादा डाग वेगळा दिसला, तर तिथे नंतर हात लागलाय. विशेषतः पट्टीच्या आजूबाजूला बघा.

जुनेपणा खरा की आणलेला? रोजच्या खेळातला मळ सगळीकडे सारखा बसत नाही. पुढचा हात जिथे सरकतो तो वीतभर भाग आणि मुठीची जागा गडद, मधला भाग त्यामानानं स्वच्छ, आणि फेरूलच्या (टिपखालच्या कडीच्या) खाली छिद्रांत खडूचा हिरवा-निळा रंग. टोकापासून बुडापर्यंत एकसारखा तपकिरी क्यू दिसला तर पोटॅशियम परमँगनेट किंवा रंग फासल्याची शंका घ्या.

आणि गावभागातलं सामान म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतो. २०१९ च्या पुरात तिथे पाणी होतं. जुन्या क्यूचे जोड सरसाचे, आणि सरस पाण्यात सुटतो. टोकांच्या कडा एकेक करून नखानं हलक्या दाबून बघा. बारीक "टिक" आवाज आला किंवा केसाएवढी फट उघडली-मिटली, तर जोड आतून सुटलाय. बाहेरून फेविकॉल ओतून तो धरत नाही. जुना सरस काढून पुन्हा सरसच भरावा लागतो. पुराचा दुसरा पुरावा म्हणजे बटवर आडवी पांढुरकी रेघ, कारण पाण्यानं चपड्याचं पॉलिश पांढरं पडतं.

भिंगवाला

पट्टीचं मी सांगतो, कारण हस्तिदंत हा शब्द आलाय आणि तो साधा नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हस्तिदंताची खरेदी-विक्री करता येत नाही, वस्तू जुनी असली तरी. मालक खरोखर हस्तिदंत म्हणून विकत असतील तर व्यवहार आधी थांबवा आणि वनविभागाला विचारा. पण बहुतेक वेळा हस्तिदंत निघतच नाही. या पट्ट्या मुख्यतः सेल्युलॉइडच्या किंवा इतर प्लास्टिकच्या असत.

भिंगातून बघा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर काळसर ठिपके किंवा बारीक खाचा असतात, सुई टोचल्यासारख्या. सेल्युलॉइडवर मुद्दाम पाडलेल्या रेषा असल्या तर त्या पट्टीभर सरळ आणि समांतर जातात. निसर्गात इतक्या सरळ रेषा सापडत नाहीत. पट्टी अंगठ्यानं जोरात घासून लगेच वास घ्या, सेल्युलॉइड असेल तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, ते मात्र कदापि करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेलंत तर हाड कोणतं आणि प्लास्टिक कोणतं हे बघताक्षणी कळेल. सतारीच्या घोडीला हाड लागतं, ते रोज त्यांच्या हातात असतं.

मग अक्षरं. जुन्या पट्टीत अक्षरं कोरून त्यात रंग भरलेला असतो, नख अडकतं. नव्या छापील पट्टीत भिंगाखाली रंगाचे सुटे ठिपके दिसतात. जुनं सेल्युलॉइड आकसतं, त्यामुळे पट्टी आणि खाच यांत कागद जाईल एवढी फट पडलेली असते आणि त्यात मळ बसलेला असतो. कडेला चकचकीत गोंदाचा ओघळ किंवा दुहेरी टेपची पांढरी रेघ दिसली तर पट्टी अलीकडची. आणि सपाट तासलेला भाग पट्टीपेक्षा लांब असेल तर तिथे आधी दुसरीच पट्टी होती.

कृष्णाकाठ

सगळं तपासून आलो. मालकांनी आनंदानं बघू दिलं.

टिपचा व्यास १०.४ मिमी, बुडाचा २९ मिमी. वजन सराफाच्या काट्यावर ४७१ ग्रॅम.

बुडाशी फिकट चौकोन आहे, चहूबाजूंनी काळं. मध्ये लहान गोल डाट. टोकं गोलसर, चारपैकी एक बाकीच्यांपेक्षा ३ मिमी खाली. स्पिरिटनं कापूस काळा झाला नाही. टॉर्चखाली बट नारिंगी, पण पट्टीभोवती दोन बोटं रुंदीचा पट्टा निळसर. जोड कुठेही हलत नाही, पांढरी रेघ नाही.

पट्टीवर कापराचा वास नाही. भिंगातून अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. पट्टी ३ इंच, सपाट भाग पाऊण इंचानं जास्त लांब, आणि त्या जास्तीच्या भागात मेणासारखं काहीतरी भरलेलं एक बारीक भोक.

म्हणजे खोटाच ना?

हिरवं_कापड

नाही. पट्टी खोटी आहे, क्यू नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण इथेच माणसं चांगला क्यू हातचा घालवतात.

तुमच्या मापांचा हिशेब बघा. १७ हा ठसा औंसाचा. एक औंस २८.३५ ग्रॅम, म्हणजे बनवताना ४८२ ग्रॅम. आज ४७१. अकरा ग्रॅम कमी भरणं अगदी स्वाभाविक आहे: दमट हवेतलं लाकूड आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात २-३ टक्के ओल सहज सोडतं. फरक ५०-६० ग्रॅमचा असता तर शिसं काढलंय, घातलंय किंवा बट बदललाय असं म्हणावं लागलं असतं. ठसा आणि वजन एकमेकांशी जुळतात.

लांबी आणि टिप. प्रत्येक वेळी फेरूल बदलताना शाफ्ट थोडा कापला जातो आणि क्यू निमुळता असल्यानं टोक जाड होत जातं. तुमचा क्यू सुमारे १४४० मिमीत १०.४ वरून २९ वर जातो, म्हणजे इंचाला साधारण एक तृतीयांश मिमी. मूळ ५७½ इंच धरला तर पाऊण इंच गेलाय आणि टिप मुळात १०.१ च्या आसपास होती. बिलियर्ड्सच्या क्यूला १० ते ११ मिमी टिप असे, स्नूकरला ९ ते १०. त्यामुळे हा बिलियर्ड्ससाठीच घेतलेला असणं जास्त शक्य आहे. फेरूलवरून काही ठरवू नका, ती दर काही वर्षांनी बदलायचीच वस्तू.

थोडक्यात काय आहे तुमच्याकडे: हातानं जोडलेला, आबनुसाच्या बटचा, मूळ चपड्याच्या पॉलिशमधला ॲशचा क्यू, ज्याची जुनी पट्टी गेलीय आणि कुणीतरी १४७ ची नवी लावलीय. पट्टी त्याची नाहीच, त्यामुळे १९५५ ची अटही आता क्यूला लागू होत नाही. मालकांचं १९३० म्हणणं त्यानं सिद्ध होत नाही, पण खोडलंही जात नाही.

कारखाना शोधायचा असेल तर धागा त्या भोकात आहे. जुनी पट्टी पितळी खिळ्यांनी ठोकलेली होती. दुसरं भोक सध्याच्या पट्टीखाली असणार. सपाट भागाची लांबी, रुंदी, भोकांमधलं अंतर, बुडापासूनचं अंतर ही चार मापं घ्या. मग बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली, पेराडन, ऑर्म यांच्या मूळ पट्टी शाबूत असलेल्या क्यूंच्या फोटोंशी ताडून बघा. बटवर आणखी बारीक ठसे आहेत का तेही तिरक्या उजेडात बघा. पट्टी उचकटायची असेल तर पातळ दोरा खालून करवतीसारखा ओढा, चाकू घालू नका.

किंमत लाकडाची द्या. नावाचे पैसे मागत असतील तर वरचं सगळं शांतपणे दाखवा.

नाइनबॉल_सातारा

दुसऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

पूलचे चेंडू ५७.१५ मिमीचे, स्नूकरचे ५२.५ चे, म्हणून पूल क्यूची टिप १२-१३ मिमी असते. जाडीवरून घाबरू नका. नावात ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर असं पूर्ण असेल तर १९६० च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीनं नाव बदलून ब्रन्सविक कॉर्पोरेशन केलं. नुसतं ब्रन्सविक असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

टोकांवर नख फिरवा आणि कडा भिंगाखाली बघा, वर सांगितलंय तसंच. ब्रन्सविकचा जुना टायटलिस्ट हा एकसंध क्यू होता, खऱ्या पाचरींचा, पाचरींच्या कडेला रंगीत व्हिनियरच्या पातळ रेषा असलेला. पुढे कारागिरांनी त्याला मध्ये कापून पेच बसवले आणि दोन तुकड्यांचे केले. तसा असेल तर टोकांचं काळपट लाकूड आणि दोऱ्याच्या खालचं लाकूड एकच सलग असतं, रेषा जुळतात.

बालाबुश्का या नावाजलेल्या अमेरिकन क्यू-कारागिराचं नाव कुणी घेतलं तर नुसत्या सहीवर जाऊ नका. जॉर्ज बालाबुश्का १९७५ ला वारला, त्याचं नाव नंतर कारखान्याच्या क्यूंवरही आलं. आणि तो स्वतः टायटलिस्टचे, बर्टन स्पेनचे आणि गस झाम्बोटीचे जोडलेले लाकडी ठोकळे वापरायचा, त्यामुळे नुसत्या जोडावरूनही "हा त्याचाच" असं म्हणता येत नाही.

कृष्णाकाठ

दुसऱ्याची टोकं नखाला अजिबात लागत नाहीत. वर काचेसारखा जाड थर आहे आणि फिकट लाकडाची रेष काळ्या टोकाखालून सरळ जाते. स्पिरिटचा काही परिणाम नाही.

नाइनबॉल_सातारा

छापील टोकं, वर प्लास्टिकचा थर. अलीकडचा खेळायचा क्यू आहे. सरळ असेल तर सरावाला घ्या, जुना म्हणून नको.

कृष्णाकाठ

मग पहिलाच घेतो. घरी आणल्यावर काय करू?

सरस_मिरज

पंधरा दिवस काहीच नाही. नव्या हवेत लाकूड स्थिरावू द्या. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत नको, भिंतीला टेकवून तिरका तर नकोच, तिरका ठेवला की वाकतो. टिपकडून सरळ उभा टांगा.

मग वाक बघा. स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सावकाश फिरवा आणि खालची फट बघा. मधोमध एक-दोन मिमीची फट एकसंध जुन्या क्यूला चालते. वाफ देऊन सरळ करून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका, वाफेनं सरसाचे चारही जोड सुटतील.

साफसफाई पिळून काढलेल्या सुती फडक्यानं, लगेच कोरड्यानं. शाफ्टवर पॉलिश उरलेलं नसेल तर जवसाचं तेल, चहाच्या चमच्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही, फडक्यावर घेऊन चोळा, दहा मिनिटांनी पुसा, दोन दिवस वाळू द्या. बटला तेल लावू नका, चपड्यावर ते चिकट बसतं. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

पट्टीच्या जागेचा निळसर पट्टा तसाच राहू द्या. मूळ पट्टी कुणाची ते कळलं की तिथलं पॉलिश चपड्यानं परत भरता येईल, मिरजेत ते काम नीट होतं.